रोज सकाळी ‘माउंट डॅश ए’

लिनक्स सुरू झालं, एनएएसचा (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कचा) फोल्डर मात्र रिकामाच. घाबरू नका. टर्मिनल उघडा, ‘सुडो माउंट डॅश ए’ मारा, भरेल. आता हेच रोज करा, आंघोळीनंतर, चहाआधी. हाताने होतं ते बूटला होत नाही, म्हणजे एफएसटॅबमधली (बूटला काय काय जोडायचं त्या यादीतली) ओळ ठीक आहे, नेटवर्कच उशिरा येतंय, असला विचार मनात आलाच तर झटकून टाका.

ओळीत ‘अंडरस्कोर नेटडेव्ह’ (‘हे नेटवर्कवरचं आहे’ अशी खूण) जरूर घाला, सगळे घालतात. एनएफएस आणि सिफ्स हे शेअरचे (नेटवर्कवरून मिळणाऱ्या फोल्डरचे) प्रकार नेटवर्कवाले आहेत हे बूट सांभाळणाऱ्या सिस्टमडीला एरवीही कळतं, त्यामुळे फरक काडीचा पडत नाही. समाधान मिळतं.

मग ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ ही सर्व्हिस डिसेबल करा. बूट झटपट होतं! नेटवर्क आलं का ते बघून माउंटला सोडणारी तीच होती, हे खरं. तिला घरी बसवली की मशीनला आयपी मिळायच्या आत माउंट धावतं आणि आपटतं. पण वाचलेले सेकंद सकाळी टर्मिनलपुढे घालवता येतातच की.

वायफायवाल्यांनी पासवर्ड फक्त स्वतःच्या कीरिंगमध्ये (लॉगिननंतरच उघडणाऱ्या पासवर्डच्या तिजोरीत) ठेवावा. लॉगिन होईपर्यंत वायफाय जोडलंच जात नाही, मग शेअर कुठून येणार? कनेक्शन ‘सर्व युजरसाठी’ करायची ती खूण आहे, तिकडे बघूही नका.

शेअरचा पासवर्ड थेट एफएसटॅबमध्ये लिहा. फाइल ६४४ असते, कोणीही वाचू शकतं. तुम्ही विसरलात तर शेजारच्याला विचारता येईल. ६०० परवानगीची (फक्त मालकाला वाचता येणारी) वेगळी क्रेडेन्शियल्स फाइल करणं हा संशयी माणसांचा उद्योग.

‘नोऑटो’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे दोन पर्याय तर चुकूनही लिहू नका. लिहून ‘डीमन-रिलोड’ केलं (म्हणजे सिस्टमडीला यादी पुन्हा वाचायला लावली) आणि मशीन रीस्टार्ट केलं, की फोल्डर उघडल्यावरच शेअर जोडला जातो आणि बूटची भानगडच मिटते. मग सकाळी करायचं काय?

रात्रीचा बॅकअप चालू ठेवा. शेअर नसला तरी रिकामा फोल्डर असतोच, बॅकअप त्यात, म्हणजे मशीनच्याच डिस्कवर, गुपचूप ओतला जातो. सकाळी माउंट मारलं की त्या फाइल शेअरखाली झाकल्या जातात. ‘डीएफ’ सांगतं डिस्क १०० टक्के भरली, फाइलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला त्या फाइल दिसतच नाहीत. शेअर अनमाउंट करून त्याच फोल्डरात डोकावलंत तर सगळं सापडेल. तिथलं साफ करून रिकाम्या फोल्डरला ‘सीएचएटीटीआर प्लस आय’ (आत काही लिहू न देणारं कुलूप) लावलंत, तर पुढच्या वेळी बॅकअप एरर देऊन थांबेलही. त्यापेक्षा मोठा एसएसडी मागवा.