वरचे, खालचे आणि पहिलं पान

परवा माळा साफ करताना सुतळीने बांधलेला पेपरांचा गठ्ठा सापडला. २०२५ चा एप्रिल आणि मे. आप्पांनी मुद्दाम जपून ठेवलेला. संध्याकाळपर्यंत तेच वाचत बसलो, साफसफाई राहिली.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्या बातमीनंतर आप्पा रात्री जेवले नव्हते. तो राग खरा होता, आजही आहे. त्यामुळे पुढचं वाचताना कुणी माझ्या देशप्रेमाची मोजमापं काढू नयेत.

दुसऱ्याच दिवशी सरकारने सिंधू जलकरार स्थगित केला. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात पानभर मथळा होता: पाणी तोडलं, आता पाकिस्तान तडफडणार, अशा अर्थाचा. सोबत भेगा पडलेल्या जमिनीचा फोटो. आप्पांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "नदीले काय तोटी ऱ्हास का रे भाऊ?" म्हणजे, नदीला काय नळासारखी तोटी असते का?

आमचं शेत भडगाव तालुक्यात, गिरणेच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याची पाण्याची पाळी, सुटलं की पाणी आमच्यापर्यंत येईल की वरच संपेल, या काळजीत आप्पांची चाळीस वर्षं गेली. वरच्या धरणांनी पाणी अडवलं म्हणून आपल्याकडे किती मोर्चे निघाले ते सगळ्यांना आठवत असेल. खालच्या माणसाचं दुःख खान्देशाला कुणी शिकवायला नको. आणि तडफडणार हा शब्द आपण चहासोबत वाचला. कुणाला खटकलाही नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

त्या पानावर काय छापता आलं असतं? करार १९६० चा, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः त्यांच्याकडे. चिनाबवरचे आपले सलाल, बगलिहार हे वीजप्रकल्प वाहत्या पाण्यावर चालणारे, त्यांची साठवण थोडी. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा लोंढा अडवायला मोठी धरणं लागतात, ती बांधायला वर्षं जातात. हतनूर धरण भरलं की ४१ दरवाजे उघडावेच लागतात, हे भुसावळच्या शाळकरी पोराला कळतं. मग पेपरवाल्यांना कळत नव्हतं? पावसाळ्यात हाच पेपर रोज गिरणा किती टक्के ते चौकटीत छापतो. तशी एक चौकट सिंधूची का नाही?

गठ्ठा पुढे वाचत गेलो तसं आणखी एक लक्षात आलं. जवळपास २४ कोटींचा तो देश, पण दोन आठवड्यांत त्यातली माणसं तीनच प्रकारची दिसली. अतिरेकी, लष्करप्रमुख आणि पिठाच्या रांगेत धक्काबुक्की करणारी गर्दी. सिंध आणि पंजाबात आपल्यासारखाच कापूस पिकतो, तिथेही बोंडअळी येते, तिथेही टेलचा शेतकरी पाण्याची वाट बघतो. त्याचं नावही नाही. देशाचं नाव कापून 'पाक' केलं, पुढे तर निव्वळ शिवी.

७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल. यादीत आपलं भुसावळही होतं. जंक्शन, आयुध कारखाना, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा. मी तिथेच नोकरीला. शेजारच्या मावशींचा मुलगा तेव्हा सीमेवर. ८ मेच्या रात्री टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून ओरडत होते. आमच्या गल्लीत टाळ्या पडल्या. मावशी मात्र देवासमोर बसून होत्या. एवढं मोठं युद्ध पेटलं तर आपला पोरगा कुठे असेल, हाच विचार. कराची बंदराला काहीच झालेलं नव्हतं. त्या माउलीची ती रात्र कोण भरून देणार? लेकाचा फोन लागला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "आई, टीव्ही बंद कर."

१० मेला शस्त्रसंधी झाली. आदल्या दिवसापर्यंत जिंकत आलेलं युद्ध एकदम का थांबलं, हे ज्याने नुसता हा गठ्ठा वाचला त्याला कळणारच नाही. खरी माहिती हवी होती तेव्हाच आपल्याला घोषणा वाचायला दिल्या.

मी तेव्हा संपादकांना दोन पानी पत्र लिहिलं होतं, आप्पांचं ते तोटीचं वाक्य घालून. छापलं नाही. म्हणून आज इथे टाकतोय. गठ्ठा परत सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलाय, आप्पांनी रद्दीत द्यायचा नाही म्हणून बजावलंय.