गुडघा बदलल्यावरचं नसेचं इंजेक्शन आणि तो फिरता मेसेज

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गुडघा बदलला तर नसेचं इंजेक्शन घेऊ नका. नस मरते, पाय लुळा पडतो, दुखणं नुसतं दाबलं जातं, उतरल्यावर दुप्पट दुखतं.’ ऑपरेशनची तारीख ठरलेले माय-आबा हे वाचून धास्तावतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नस मरते.’ नाही. ऑपरेशननंतरची कळ कमी करणाऱ्या या इंजेक्शनला डॉक्टर ‘ब्लॉक’ म्हणतात. तो देताना नसेत सुई खुपसत नाहीत. सोनोग्राफीवर नस पाहून तिच्या भोवती रोपिव्हाकेन किंवा बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. दुखण्याचा निरोप काही तास अडतो, औषध रक्तात ओसरलं की संवेदना परत येते. कायमची इजा साधारण दहा हजारांत दोन-चार जणांना होते. मधुमेहाने पाय आधीच बधिर असतील तर मात्र भुलेच्या डॉक्टरांना ते आधी सांगाच.

‘पाय लुळा पडतो.’ यात थोडं तथ्य आहे. जांघेतल्या फिमोरल ब्लॉकने मांडीचा पुढचा स्नायू ढिला होतो आणि रुग्ण पडू शकतो. म्हणून आता बरेच डॉक्टर मांडीच्या मधोमध, आतल्या बाजूने अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक देतात. त्यात ताकद बरीचशी टिकते. गुडघ्याच्या मागची कळ त्याने पुरती जात नाही, त्यासाठी आयपॅक हा वेगळा ब्लॉक जोडतात. ऑपरेशननंतर पहिले काही तास दोन्ही पाय हलत नाहीत, तो बहुधा कमरेतल्या भुलेचा परिणाम असतो. त्याचा दोष ब्लॉकच्या माथी मारला जातो. तरीही पहिल्यांदा उभं राहताना वॉकर आणि सोबत माणूस हवाच.

‘दुखणं नुसतं दाबलं जातं.’ दाबायचंच असतं! आपल्याकडची माय कळ सोसते, कण्हत नाही, पण गुडघाही वाकवत नाही. मग सांधा आखडतो. अंथरुणाला खिळून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते.

‘उतरल्यावर दुप्पट दुखतं.’ दुप्पटच असं नाही, पण असर उतरल्यावर कळ एकदम वाढू शकते हे खरं आहे, आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवं. एका इंजेक्शनचा असर साधारण 12 ते 24 तास. तो बहुतेकदा रात्री-पहाटे उतरतो, आणि तोवर घरचे म्हणतात, “आते दुखत नही ना, मंग गोळी कसाले?” इथेच चुकतं. लिहून दिलेली गोळी असर उतरायच्या आधीच पोटात हवी. किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कोणती गोळी चालेल, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारून कागदावर वेळेसकट लिहून घ्या.