फॉल्ट सापडलाय, पण जोडायचा नाही

एक जुलैला पहाटे तीन दहाला फोन वाजला. वाजणार हे झोपतानाच माहीत होतं, म्हणून लॅपटॉप उशाशी चार्जिंगला लावूनच पडले होते. शेजारी लेक दचकली, "आई, परत?" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात 'परत' हा शब्द बसलाय. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

हॉलमध्ये आले, दिवा न लावता ऑफिसच्या नेटवर्कला व्हीपीएन जोडलं, ओटीपी टाकला, लॉग, म्हणजे यंत्रणेने स्वतः लिहिलेली रोजनिशी, उघडले. तीच ओळ. डेटाबेसचं कनेक्शन मिळालं नाही, तीस सेकंद थांबून नाद सोडला. तिच्याखाली तीच, तिच्याखाली पुन्हा तीच, स्क्रीन संपेपर्यंत. सर्व्हिस रीस्टार्ट केली, अडकलेला जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, सुरू झाला, तक्रारीच्या तिकिटात 'रीस्टार्टनंतर सुरळीत' असं लिहिलं आणि ते बंद केलं. बारा मिनिटांत सगळं आटोपलं. मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडले. साडेसहाला डबा, सव्वासातला स्कूलबस, आणि नऊला भूमकर चौकाच्या गर्दीत डोळे चोळत उभी.

लोकांना वाटतं आयटीवाले कामाला कंटाळतात, म्हणून कुरकुर करतात. नाही हो. कामाचा मला कधीच कंटाळा नव्हता. 2012 साली सांगलीच्या कॉलेजातून थेट हिंजवडीत आले, तेव्हा वर्षाला सव्वातीन लाखांवर लागले होते आणि रात्री अकरापर्यंत आनंदाने बसायचे. तेरा वर्षं झाली. आता जो संताप आहे तो कामाचा नाही, काम करू न देण्याचा आहे. तो कळायचा तर त्या तीन दहाच्या फोनमागचं कारण कळायला हवं, म्हणून जरा बैजवार सांगते.

आमच्या क्लायंटची माणसं न्यू जर्सीत बसतात. त्यांचा हिशेब जुळवायचा एक जॉब दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या संध्याकाळी साडेपाचला सुटतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन झालेले असतात. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा चार. हा जॉब एकेक नोंद तपासतो. तपासायला डेटाबेसकडून एक कनेक्शन उसनं घेतो आणि काम झालं की परत देतो. पण नोंदीत चूक निघाली की तो मधल्यामधे बाहेर पडतो आणि घेतलेलं कनेक्शन परतच करत नाही. एकूण कनेक्शनं 50. पन्नास चुकीच्या नोंदी निघाल्या की सगळी अडकली, आणि जॉब जागच्या जागी ठप्प. रीस्टार्ट केलं की सगळी सुटतात, म्हणून उरलेलं काम पार पडतं. झालं, एवढंच आहे.

हे मी गेल्या सप्टेंबरात शोधून काढलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, तिकीटही नव्हतं. दोन शनिवार बसून जुना कोड वाचला आणि ती जागा सापडली. दुरुस्ती चार ओळींची आहे. चूक निघो न निघो, आधी कनेक्शन परत कर, मग बाहेर पड. लिहिली. टेस्ट लिहिल्या. टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम 500 चुकीच्या नोंदी घालून जॉब चालवला, एकदाही अडकला नाही. त्या शनिवारी संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, चल, आज बाहेर जेवू. इतका आनंद झाला होता मला.

अकरा महिने होत आले त्याला. ती दुरुस्ती अजून तशीच पडून आहे.

कारण आमचं कंत्राट 'सपोर्ट'चं आहे. कोड बदलला की ते 'एन्हान्समेंट', म्हणजे सुधारणा, होतं, आणि एन्हान्समेंटचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे. मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाच्या परवानगीचा अर्ज, टाका. मग अंदाज द्या. मग संपूर्ण ॲप्लिकेशनचं रिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे जुनं काही बिघडलं नाही ना याची तपासणी, कोण करणार, त्याचे पैसे कोण देणार, यावर बैठक. मी तीनदा टाकली. दोनदा 'पुढच्या तिमाहीत बघू' आणि तिसऱ्यांदा 'पी थ्री' असा शिक्का, म्हणजे कोणीही कधीही बघणार नाही. मॅनेजरला विचारलं तर शांतपणे म्हणाले, "महिन्यातून एकदाच वाजतो ना तो? आणि एसएलएच्या आत बंदही होतो. मग बिझनेस इम्पॅक्ट काय दाखवायचा?" एसएलए म्हणजे क्लायंटला कबूल केलेली मुदत.

बिझनेस इम्पॅक्ट! माझी झोप कुठल्या रकान्यात लिहायची ते तरी सांगा. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, पहाटे हाच फोन वाजला. नरक चतुर्दशी उरकून आम्ही सगळे विट्याला आईवडिलांकडे होतो. रेंज नव्हती म्हणून गच्चीवर चढून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, थंडीत शाल गुंडाळून मी ती सर्व्हिस रीस्टार्ट केली. दुरुस्ती लिहून तेव्हा दीड महिना झाला होता.

आणि दर वेळी मीच का? टीममध्ये ऑन-कॉलला, म्हणजे अवेळी फोन आला की उठायला, आम्ही चौघं आहोत, पाळ्या लावलेल्या आहेत. पण महिनाअखेरची रात्र माझीच, कारण "तुला तो जॉब माहितीये ना." मला तो जॉब माहीत आहे ही माझी चूक झाली. ज्याने मुळाशी जाऊन बघितलं त्याच्याच गळ्यात घोंगडं!

एप्रिलमध्ये अप्रेझल झालं. काय लिहून आलं माहितीये? 'ओनरशिप वाढवावी.' मी तो फॉर्म दोनदा वाचला. जी बाई कोणी न सांगता शनिवार घालून फॉल्ट शोधते, दुरुस्त करते, तीन वेळा परवानगी मागते, तिची ओनरशिप कमी! मॅनेजरच खासगीत म्हणाले, "मनावर घेऊ नकोस, बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली बसवावंच लागतं." पगारवाढ चार टक्के. यंदा शाळेची फीच बारा टक्क्यांनी वाढलीय.

याहून चीड आणणारी गोष्ट मे महिन्यात झाली. मोठी मीटिंग बोलावली, क्लायंटकडचे दोघं ऑनलाइन. घोषणा काय, तर आता एआय एजंट बसवणार. अलर्ट आला की तो आपोआप लॉग वाचणार आणि सर्व्हिस रीस्टार्ट करणार. डेमोला उदाहरण कोणतं घेतलं असेल? माझाच जॉब. बजेट मंजूर, सहा माणसं सहा महिने. चार ओळींना पैसे नाहीत आणि त्या चार ओळी न लिहिल्याने जे होतं ते दर महिन्याला निस्तरणाऱ्या यंत्राला पैसे आहेत. मी हात वर केला, म्हटलं या अलर्टचं मूळ कारण सापडलेलं आहे, दुरुस्ती तयार आहे. "ग्रेट पॉइंट, ऑफलाइन घेऊ." ऑफलाइन कोणीही घेतलं नाही. टाळ्या मात्र मिनिटभर वाजत होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा फॉल्ट कोणालाच नको झालेला नाही. ऑन-कॉलचे तास क्लायंटला लावले जातात. बंद केलेल्या तिकिटांचा हिरवा आलेख दर महिन्याला वरपर्यंत जातो. फॉल्ट गेला तर तिकीट गेलं, आलेख खाली आला. माझ्या कंपनीला माझी अक्कल नकोच आहे. रात्री तीनला रीस्टार्टचं बटण दाबणारं बोट हवंय.

माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते, 34 वर्षं. पावसात, रात्री-अपरात्री, खांबावर. ऑन-कॉल मी त्यांच्या घरातच बघितलाय, फक्त तेव्हा फोनऐवजी दारावर थाप पडायची. गमबूट घालून, बॅटरी घेऊन निघायचे आणि आई देवापुढे दिवा लावून जागी बसायची. त्या कामात जीव जायचा धोका होता, माझ्या कामात तो नाही, हे मला पुरतं कळतं. पण तासाभराने अख्ख्या गल्लीत उजेड यायचा, पोरं ओरडायची, आणि अप्पा चिखलाने माखून पण हसत घरात यायचे. सुट्टीत विट्याला गेले होते तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना डेटाबेस कळत नाही, पण फॉल्ट कळतो. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग फॉल्ट घावलाय तर जोडत का न्हाईस पोरी?"

म्हटलं, जोडू देत नाहीत अप्पा.

"म्हंजे? फ्यूज उडतोय म्हायती असून रोज नुसता फ्यूजच बदलायचा? आमच्यात असं केलं असतं तर साहेबानं नोटीस काढली असती." थोड्या वेळाने म्हणाले, "मग तिथं ऱ्हाऊन करतीस काय तू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

बाकी सगळ्यांकडे मात्र उत्तरं तयार आहेत. सगळीकडे हेच आहे गं. मार्केट किती वाईट आहे बघतेस ना. एवढा पगार कोण देतंय. बाईमाणसाला घरून काम करता येतंय, अजून काय हवं. 2023 मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास काम करा म्हणाले, 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी ते 90 वर नेलं आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार असंही विचारलं. त्या घरातल्या बाईलाही नोकरी असेल, तीही पहाटे तीनला उठत असेल, हे त्यांच्या गावीही नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा केला, त्यात दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. माझे पहाटेचे तास कुठल्याच रजिस्टरला लागत नाहीत, कारण मी तेव्हा ऑफिसात नसते, माझ्याच हॉलमध्ये असते. फ्रान्समध्ये 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात 2024 पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याला कायद्याचं पाठबळ आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी सदस्याचं विधेयक आपल्या संसदेत शेवटचं मंजूर झालं ते 1970 साली. म्हणजे त्या वाटेवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

सोडायचं म्हटलं तर सोडूही देत नाहीत. नोटीस पीरियड 90 दिवस. गेल्या चार महिन्यांत पाच इंटरव्ह्यू दिले, तीन ठिकाणी तांत्रिक फेऱ्या पार केल्या. शेवटी एचआरचा एकच प्रश्न, "किती दिवसांत जॉइन व्हाल?" नव्वद म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो. त्यांना पंधरा दिवसांत, फार तर तीस दिवसांत माणूस हवा. ऑफर मिळवायची तर आधी राजीनामा देऊन नोटीसवर बसा, आणि राजीनामा द्यायचा तर हातात ऑफर हवी. बरं, त्याच कंपन्या स्वतःच्या माणसांना नव्वद दिवस डांबून ठेवतात. कंपनीला मला काढायचं असेल तर दुपारी मीटिंगला बोलावून संध्याकाळी लॅपटॉप काढून घेते. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलाचं मार्चमध्ये तसंच झालं. त्याच्या बाळाचं बारसं पुढच्या आठवड्यात होतं. त्याला कोणी नव्वद दिवस दिले नाहीत, पगार हातात टिकवला आणि गेटपर्यंत सोडायला सिक्युरिटी दिली.

एक जुलैच्या त्या रात्रीनंतर मी आणि नवरा वही घेऊन बसलो. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता 46 हजार, अजून अकरा वर्षं. त्याच्या एकट्याच्या पगारात हप्ता, फी, किराणा भागतं, गाडीचा हप्ता आणि सासूबाईंची औषधं भागत नाहीत. एफडी मोडली तर सात महिने निघतात. ग्रॅच्युइटी मिळेल, पाच वर्षं कधीच उलटलीत. पीएफला हात लावायचा नाही असं ठरवलं. नवरा म्हणाला, "सात महिने म्हणजे कमी नाहीत. तू गेल्या दिवाळीपासून घरात नीट हसलेली नाहीस." मला रडू आलं. रडताना रागही आला, की हे वाक्य ऐकायची वेळ चार ओळींसाठी यावी!

ठरवलंय. सोमवारी, चार ऑगस्टला, राजीनामा पाठवतेय. हातात ऑफर नाही. ड्राफ्टमध्ये तो फेब्रुवारीपासून पडलेला होता, फक्त तारीख बदलली. कारणाच्या जागी सगळे 'वैयक्तिक' लिहितात, मी त्या चेंज रिक्वेस्टचे तिन्ही नंबर लिहिलेत.

नव्वद दिवस दोन नोव्हेंबरला भरतात. त्याआधी तीन महिनाअखेरी येतात. ऑगस्टची, सप्टेंबरची, ऑक्टोबरची. तिन्ही रात्री रोस्टरवर माझंच नाव आहे, आजच बघितलं.