पायवाटेची वाट कशी लावावी

मागच्या सोमवारी माझ्या फावड्याचा पंचनामा झाला. लाकडी दांड्याचे फावडे, वापरलेले, नग १. टिकाव, नग १. प्लास्टिकचे घमेले, कड तुटलेली, नग १. खाली दोन पंचांच्या सह्या, त्यातला एक पंच म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी पोहे विकणारा आमचा नेहमीचा भाऊ, आणि त्याने आपण कशावर सही करतोय हे वाचलंसुद्धा नाही कारण त्याची गाडी त्याच साहेबांच्या मर्जीवर उभी असते. त्याला दोष नाही. गुन्हा काय, तर 'अनधिकृत उत्खनन'. म्हणजे पायवाटेवरून धो धो वाहणारं पाणी बाजूला काढायला मी हातभर नाली खणली. कुठल्या खात्याचे साहेब ते सांगत नाही, उगाच दुसरी नोटीस नको.

तर त्या दिवसापासून विचार करतोय आणि पटलंय की चूक माझीच आहे. टेकडीवरची पायवाट सांभाळायची नसते हो, तिची रीतसर वाट लावायची असते, आणि त्याचंही एक शास्त्र आहे. पुण्यात अकरा वर्षं एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरची माउंटन बाईक, चालवून जे शिकलो ते फुकट देतोय, घ्या.

१. जमीन कोणाची आहे हे कधीही विचारू नका. आमच्या टेकडीचंच बघा, खालचा उतार खासगी सातबाऱ्यावर, मधला पट्टा वनखात्याचा, वरची पाण्याची टाकी महापालिकेची, विजेचे टॉवर आणखी कोणाचे तरी, म्हणजे दोन किलोमीटरच्या ट्रेलला चार मालक लागतात. यातल्या कोणाच्याही नकाशावर पायवाट नाही. पायवाट फक्त दोन ठिकाणी असते, स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलवाले आपली राइड नोंदवतात त्या ॲपवर, आणि गुराख्याच्या पायात. त्यामुळे नाली बुजली, दगड निखळला, झाड आडवं पडलं की चौघेही म्हणतात आमच्या हद्दीत येत नाही. पण तुम्ही फावडं घेऊन गेलात की मात्र ती इंच न् इंच कोणाच्या तरी हद्दीत येते! आणि वर बीडीपी, म्हणजे बायोडायव्हर्सिटी पार्क, आहेच. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं, ९७८ हेक्टर, सरकारने ते २०१५ मध्ये मंजूर केलं, आणि मालकांना मोबदला किती आणि कसा द्यायचा याच्यावर अजून गाडं अडलेलंच आहे. तोपर्यंत तिथे पत्र्याच्या शेड उगवतात, शेडची भिंत होते, भिंतीचं मंगल कार्यालय होतं. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम करायचं नाही असा नियम आहे म्हणे. आहे ना. म्हणून तर आधी उतार कापतात.

२. पाऊस थांबला रे थांबला की सायकल काढा. ओल्या मातीत टायरची मस्त खोल चाकोरी पडते, पुढच्या सरीचं पाणी तिच्यातूनच पळतं, गणपतीपर्यंत ओढा तयार. शिवाय चिखलाचे फोटो भारी येतात.

३. वळणाआधी मागचा ब्रेक करकचून दाबा. स्किड मारता येत नसेल तर मग हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, घेतलीच कशाला?

४. वाटेत डबकं दिसलं की डबक्यातून जाऊ नका, बाजूच्या गवतातून जा. तुमच्या मागचा आणखी बाजूने जाईल, त्याच्या मागचा त्याच्याही बाजूने. फूटभराची पायवाट दोन महिन्यांत बैलगाडी जाईल एवढी होते आणि मग कोणीतरी म्हणायला मोकळं की इथे रस्ता होताच की, आम्ही फक्त रुंद केला.

५. आता मुख्य टिप. पाण्याचा विचार अजिबात करायचा नाही.

हे जरा समजून घ्या, कारण आम्ही इथेच फसलो. आम्ही चौघं, त्यातली एक दातांची डॉक्टर, एक बँकेतला, एक कॉलेजचा पोरगा आणि मी, आम्ही दोन पावसाळे रविवारी सकाळी सहाला जाऊन त्या ट्रेलवर मरत होतो. अमेरिकेत इम्बा नावाची माउंटन बायकिंगवाल्यांची संघटना आहे, १९८८ पासूनची, ट्रेल कसा बांधायचा यावर त्यांनी बरंच काम करून ठेवलंय. त्यांचं म्हणणं साधं आहे, डोंगराच्या बाजूचा जो उतार असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ कमी ठेवा, आणि सगळा ट्रेल मिळून सरासरी १० टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर दहा मीटर चढ. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवा म्हणजे पाणी वाटेवर चालत न बसता आडवं निघून जातं. मध्ये मध्ये वाटेलाच हलकासा खोलगट झोल द्या, तिथून उरलंसुरलं पाणी बाहेर पडतं. आम्ही हे मोबाईलवर वाचून फार शहाणे झालो होतो. मग तिथे शेळ्या चारणारे एक मामा आहेत, त्यांनी आमचा पहिला बांध बघितला, काठीने दगड हलवून बघितला, हललाच तो, आणि म्हणाले, "सायेब, पाणी आडवं काढा की, सरळ कशाला पळवताय." झालं. अख्खं पुस्तक एका वाक्यात. त्यांच्या शेळ्यांच्या जुन्या वाटा बघा कधी, एकही सरळ वर जात नाही, सगळ्या तिरक्या, आणि एकीवरही ओघळ नाही.

मग त्यांच्या सल्ल्याने सतरा ठिकाणी दगड बदलले. दगड नुसता ठेवायचा नाही, एक तृतीयांश तरी जमिनीत गाडायचा, वाटेला काटकोनात नाही तर तिरका, आणि पाणी जिथे पडेल तिथे खाली अजून चपटे दगड पसरायचे नाहीतर तिथेच खड्डा पडतो. गेल्या पावसाळ्यात सतरापैकी पंधरा टिकले. मी बायकोला दगडांचे फोटो दाखवायचो. ती म्हणायची, छान आहेत, दगड आहेत.

आणि मग मेमध्ये जेसीबी आला.

सुशोभीकरण! हा शब्द ऐकला की मला हल्ली पित्त होतं. आता जरा मागचं सांगतो, मार्च २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत पुणे महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, त्यामुळे एवढी वर्षं टेकडीला जरा श्वास घेता आला, फक्त इच्छुकांचे वाढदिवसाचे फ्लेक्स तेवढे लागायचे. निवडणूक झाली आणि सगळ्यांना एकदम टेकडी दिसली. तर जेसीबी आला आणि त्याने काय केलं, पायथ्यापासून टाकीपर्यंत सरळसोट, नाकासमोर, चार मीटर रुंद रस्ता कापला, आमची तिरकी वाट तीन ठिकाणी कापून. करवंदाच्या जाळ्या गेल्या, हेकळ गेली, ज्या बोराखाली मामा दुपारी बसायचे ते बोर गेलं, आमच्या सतरा दगडांचा ढीग करून बाजूला टाकला. आणि मग त्यावर मुरूम टाकला. ट्रकने. बाहेरून आणून. मुरमाच्या टेकडीवर! त्यावर थोडे पेव्हर ब्लॉक, एका बाजूला स्टीलचं रेलिंग, ओपन जिम, एक सेल्फी पॉइंट ज्यात लाल बदाम आहे, आणि खाली अकरा नावांचा बोर्ड, 'यांच्या संकल्पनेतून व अथक प्रयत्नांतून साकारलेला'. संकल्पना! पाणी उतारावरून खाली येतं एवढी एक संकल्पना अकरा जणांत मिळून कोणाकडे नव्हती का हो? एक नाली नाही, एक मोरी नाही, कुठे आडवा उतार नाही. दोनशे मीटरची घसरगुंडी, वर पाण्याची टाकी, खाली सोसायटी. पाचवीतल्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं काय होणार ते, आणि मी निवेदनात लिहूनही दिलं होतं, स्केच काढून, पोच आहे माझ्याकडे, शिक्का मारलेली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाऊण तासात सगळा मुरूम खाली उतरला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसला. तांबडा चिखल, गाड्यांच्या नंबर प्लेटपर्यंत. पेव्हर ब्लॉक पत्त्यांसारखे उलटे पडलेले, रेलिंग हवेत लटकलेलं. बदाम मात्र शाबूत. आणि सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी पहिला फोन कोणाला केला? मला. "तुम्ही सायकलवाले वर काहीतरी खोदत असता ना, त्यानेच झालंय."

म्हणून सोमवारी रजा टाकून गेलो. म्हटलं निदान वरच्या वळणावर पाणी आडवं काढू, पुढच्या सरीला लोकांची पार्किंग तरी वाचेल. हातभर नाली झाली असेल नसेल, तेवढ्यात साहेब आले. जेसीबीला परवानगी होती का असं विचारलं तर म्हणाले, "तो विषय वेगळा आहे."

६. ५ जूनला झाड लावा. ट्रेलच्या बरोबर मध्यभागी. फोटो काढा. परत जाऊ नका.

७. चर खणा. म्हणजे तसे सलग समतल चर चांगलेच असतात, पाणी मुरतं, गवत येतं, पण ते 'समतल' हवेत, लेव्हल लावून, आणि पायवाट आली की तिथे तोडून पुढे घ्यायचे असतात. आमच्याकडे कंत्राटदाराने ते नजरेने खणले, आडवे पायवाट छेदून, त्यामुळे चरातलं सगळं पाणी एका टोकाला जमतं आणि जिथे फुटतं तिथे ट्रेलच असतो. मीटरवर पैसे मिळतात ना. मग जेवढा लांब चर तेवढं बरं.

८. बोर्ड लावा, 'सायकल चालवण्यास सक्त मनाई'. लागलाय. याच महिन्यात. आमच्याच मोडक्या ट्रेलच्या तोंडाशी, आणि बोर्डाचा खांब पुरायला जो खड्डा केला तो उत्खननात मोडत नाही. बोर्डाखाली बिअरच्या बाटल्यांचा ढीग आहे, शेजारी मोटरसायकलच्या टायरचे व्रण आहेत, रात्री अकरानंतर वर बुलेट जातात हे पोहेवाल्यालाही माहितीय. पण टेकडीची धूप कशाने होते तर आमच्या दोन इंची टायरने. बरं.

९. ग्रुप काढा. व्हॉट्सॲप ग्रुप पाहिजेच. आमच्यात सहाशे बारा मेंबर आहेत. पंचनाम्याचा फोटो टाकला तर ऐंशी जणांनी रागावलेला चेहरा टाकला, पंचवीसएक जणांनी हात जोडले, एकाने विचारलं की दादा तो मागे दिसतोय तो कुठला टायर आहे.

दहावी टिप काही नाही. आता सरळच बोलतो, पुरे झाला उपरोध, मला तो नीट जमतही नाहीये.

साहेब, तुम्हाला सायकलवाले नको असतील तर तसं सांगा, आम्हाला बोलवा, नकाशा समोर ठेवा, ही वाट चालू, ती बंद, या महिन्यात मोर अंडी घालतात म्हणून खालचा पट्टा बंद, आम्ही ऐकू. चार महिने पावसाळ्यात बंद ठेवा म्हणालात तरी ऐकू, आम्हीच आधी बंद ठेवू. पण तीन वर्षांत एकदा तरी वर चालत आलात का तुम्ही? जीपने नाही. चालत. टेंडर निघतं रस्त्याचं, रेलिंगचं, बदामाचं. पायवाटेच्या देखभालीचं टेंडर निघत नाही कारण तिला लागतं एक फावडं आणि चार माणसं, त्यात बिल काय काढणार. आणि ते फावडं तुम्ही जप्त करता. लाज वाटायला पाहिजे.

आणि तुम्ही, हे वाचून हसणारे. हो, तुम्हीच, सहाशे बारा. १५ एप्रिल २०२३ ला वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तो बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगदे नकोत म्हणून, हजारो लोक आले होते, मीही होतो, अंगावर काटा आला होता. यायलाच पाहिजे होतं तिथे. पण त्या हजारोंपैकी एकाला तरी दुसऱ्या रविवारी आपापल्या टेकडीवर नाली साफ करायला बघितलं का? दीड लाखाची सायकल घेता, सहाशे रुपयांचं फावडं जड होतं. पावसात जाऊ नका म्हणून हात जोडून मेसेज टाकला तर त्याच संध्याकाळी स्ट्राव्हावर तुमचाच विक्रम दिसतो. डबक्याच्या बाजूने तुम्हीच जाता. स्किड तुम्हीच मारता. जेसीबीवाल्याला निदान माहिती नव्हतं, तुम्हाला सगळं माहितीय. उद्या साहेबांनी त्या ओघळाकडे बोट दाखवून म्हटलं की हे बघा सायकलींनी काय केलंय, तर मी काय उत्तर देऊ? अर्धा ओघळ खरंच आपला आहे.

नोटिशीला उत्तर दिलंय, तारीख मिळालीय. मामांनी तोपर्यंत ढिगातले चार दगड परत वरच्या वळणावर नेऊन तिरके लावलेत, एकट्याने, शेळ्या चारता चारता. त्यांचा पंचनामा अजून झालेला नाही.

रविवारी सकाळी सहाला टाकीपाशी. फावडं आपापलं आणा, माझं जमा आहे.