‘रिसील केलेला ड्युप्लिकेट माल’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आपला रिव्ह्यू वाचला. म्हापशाच्या आमच्या दुकानातून आपण फनस्कूल कंपनीची जी. आय. जो फिगर, म्हणजे खेळण्यातला छोटा अमेरिकन सैनिक, मूळ कार्डासकट नेलीत. आता आपलं म्हणणं असं, की बबल, म्हणजे कार्डावरचं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, उघडून पुन्हा चिकटवलाय, आतली फिगर वापरलेली आहे, रंग अमेरिकन फिगरसारखे नाहीत आणि कार्डावर ‘मेड इन इंडिया’ आहे, म्हणजे माल ड्युप्लिकेट. शंका घेतलीत याबद्दल राग नाही. या धंद्यात डोळे झाकून घेणारा हमखास बुडतो. पण ज्या खुणांवरून आपण निकाल दिलात, त्यातल्या बहुतेक नेमकं उलटं सांगतात. इतर वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘मेड इन इंडिया’चं आधी उरकतो. फनस्कूल १९८७ साली सुरू झाली, एमआरएफ आणि अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत, आणि तिचा कारखाना इथे गोव्यातच आहे. जी. आय. जो त्यांनी हॅस्ब्रोच्या परवान्याने काढले. रंग मात्र बरेचदा स्वतःचे वापरले, आणि त्या वेगळ्या रंगांसाठीच अमेरिकेतले कलेक्टर या फिगर शोधत असतात. गोव्यात बनलेली वस्तू गोव्याच्या दुकानात मिळाली, यात नकली काय?

आता फिगर. आपल्या फोटोत ती कमरेत सैल पडलेली दिसते, म्हणून ‘खेळून झालेली’ असं आपण लिहिलंत. या फिगरचं धड आणि पाय आत एका रबरी रिंगने धरलेले असतात. हे रबर वर्षं गेली की आपोआप सुकतं, ताण सोडतं, शेवटी तुटतं. कोणी हात लावला नाही तरीही. खेळलेली फिगर ओळखायची तर कंबर बघू नका. कोपर, गुडघे आणि नाकाचा शेंडा बघा, तिथला रंग आधी घासतो. आपल्या फिगरचा तिथला रंग शाबूत आहे, आपल्याच फोटोत तो स्पष्ट दिसतो. उलट, इतक्या जुन्या कार्डातली फिगर कमरेत नवीकोरी, ताठ असती, तर मी स्वतः दोनदा विचार केला असता.

मुख्य मुद्दा बबलचा. खालच्या डाव्या कोपऱ्यात तो नखभर सुटलेला आहे. हे आम्ही बिलावर लिहून दिलंय, ‘कोपरा सुटा’, बिल कृपया पाहावं. कारखान्यात बबल गोंदाने लावत नाहीत. कार्डावर आधीच एक लेप असतो, त्यावर गरम साचा दाबून कड बसवतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा लेप दमट हवेने पकड सोडतो. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे कार्डाची काय कथा! असा आपसूक सुटलेला कोपरा स्वच्छ असतो: खालची छपाई जागेवर, फक्त चमक थोडी मंद. आपण ज्याला ‘गोंदाचा पांढरा डाग’ म्हणता, तो हाच मंद पट्टा. ओढून काढलेल्या बबलबरोबर बहुधा छपाईचे पापुद्रे येतात आणि कार्डाचा पांढरा लगदा उघडा पडतो. मग तो झाकायला गोंद लावतात. इन्स्टंट ग्लू असेल तर आजूबाजूला धुरकट पांढरी झाक धरते, कडेतून ओघळ आत येतो, आणि यूव्ही टॉर्च मारला की बरेचसे गोंद निळसर चमकतात. आपल्या कार्डावर बबलच्या बाकी सगळ्या कडेला साच्याचा दाब सलग आहे. फिगर बाहेर काढायला निदान एक अख्खी बाजू मोकळी व्हावी लागते. नखभर फटीतून ती निघत नाही.

बबल पिवळा नाही, हीही आपली तक्रार. पिवळेपणा प्लास्टिकच्या जातीवर आणि उजेडावर अवलंबून. बंद खोक्यात राहिलेला बबल काचेसारखा राहू शकतो, आणि मुद्दाम पिवळे केलेले बबलही बाजारात फिरतात. पिवळ्या रंगावर भरवसा ठेवणाऱ्यालाच ते खपवतात.

खरं सांगायचं तर बबलपेक्षा कार्डावरची बारीक अक्षरं जास्त बोलतात. १९८९ चं म्हणून दिलेल्या कार्डावर पत्त्यात मद्रासऐवजी ‘चेन्नई’ असेल, तर ते १९९६ आधीचं नाही. रुपयाचं ₹ चिन्ह आलं २०१० मध्ये. शिवाय दहापट भिंगाखाली बघा: मूळ ऑफसेट छपाईत काळी अक्षरं सलग, धारदार, स्कॅन करून छापलेल्या कार्डात अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची, कडा फुटलेल्या. आम्हालाही कोऱ्या कार्डांचे गठ्ठे विकायला लोक येतात, ‘लूज, म्हणजे बिनकार्डाच्या, फिगर आहेतच तुमच्याकडे, लावून टाका’ म्हणतात. त्यांना बाहेरचा रस्ता दाखवतो.

किंमत छापील किमतीपेक्षा जास्त, हे खरं. छापील किंमत त्या काळची आहे.

आता व्यवहाराचं. फिगर आणि कार्ड घेऊन या, भिंग आणि टॉर्च काउंटरवरच असतात, आपल्यासमोर बघू. आपल्या ओळखीचा कोणी जाणकार कलेक्टर असेल तर त्याला सोबत आणा. उघडून चिकटवल्याची खूण सापडली तर पूर्ण पैसे जागेवर परत. खूण नाही सापडली पण वस्तू नकोशी झाली असेल, तरी परत घेऊ. मात्र कार्ड होतं त्याच अवस्थेत हवं, कोपरा घरी चिकटवून आणू नका. आणि तपासून समाधान झालं, तर रिव्ह्यूतला ‘ड्युप्लिकेट’ शब्द तेवढा काढावा. स्टार किती द्यायचे ते आपण ठरवा. शुक्रवारी बाजारामुळे दुकानात उभं राहायला जागा नसते, दुसऱ्या कुठल्याही दिवशी या.