छाप्याच्या बातमीत नसलेला माणूस

गोव्यात कळंगुट परिसरात वेश्याव्यवसायावर छापा पडला की वास्कोहून भाऊ मला न्यूयॉर्कला बातमीचे कात्रण पाठवतो. मजकूर ठरलेला: इतक्या मुलींची सुटका, दोन दलाल अटकेत, आणि शेजारी ओढणीने तोंड झाकलेल्या बायकांचा फोटो. पैसे मोजून खोलीत आलेला पुरुष त्या बातमीत कुठेच नसतो. "तुमच्याकडे निदान गव्हर्नरला खुर्ची सोडावी लागली," असे भाऊ दर वेळी म्हणतो.

त्याचा रोख न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांच्याकडे असतो. २००७ साली याच गव्हर्नरांनी गिऱ्हाइकाची शिक्षा ३ महिन्यांवरून १ वर्षापर्यंत वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि मार्च २००८ मध्ये ते स्वतःच गिऱ्हाईक निघाले. त्यांनी राजीनामा दिला हे खरे; पण त्यांच्यावर खटला भरणार नाही, असे सरकारी वकिलांनी नोव्हेंबरात जाहीर केले, आणि तो धंदा चालवणाऱ्या ४ जणांना मात्र गुन्हा कबूल करावा लागला. लुइझियानाचे सेनेटर डेव्हिड व्हिटर यांचा नंबर वॉशिंग्टनमधल्या अशाच धंद्याच्या फोन-नोंदींत सापडला. त्यांनी माफी मागितली आणि २०१० साली ते पुन्हा निवडून आले. ज्या बाईच्या त्या नोंदी होत्या, ती एप्रिल २००८ मध्ये दोषी ठरली आणि शिक्षा सुनावण्याआधीच तिने आत्महत्या केली. राजीनाम्याला न्याय म्हणू नकोस, असे मी भावाला सांगते ते यासाठी.

आपल्याकडे तर राजीनाम्यापर्यंतही गोष्ट जात नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण सज्ञान बाईकडे बंद खोलीत जाणाऱ्या पुरुषासाठी, ती खोली सार्वजनिक ठिकाणाजवळ किंवा अधिसूचित भागात नसेल तर, त्यात सरळ कलम नाही. छाप्यात या बायकांना अटक किंवा दंड करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.

जून २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरच्या वेश्यावस्तीतल्या खोल्या पाडल्या, तेव्हा मी वास्कोलाच होते. एक बाई पत्र्याच्या पेटीवर बसली होती, मांडीवर ॲल्युमिनियमचा टोप, आणि त्यात पावसाचे पाणी साठत होते. गावाची बदनामी टळली, असे आमच्या वाड्यावर सगळे म्हणत होते. त्या खोल्यांत वर्षानुवर्षे कोण जात होते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही, मीही नाही.

विधानसभेत छाप्यांचा आकडा मागणाऱ्या आमदारांनी आता हेही विचारावे: किती गिऱ्हाइकांचे जबाब नोंदवले, आणि त्या रात्री हॉटेलच्या रजिस्टरवर सही कोणाची होती?