घरबसल्या जगाशी खेळा

गेम कन्सोलच्या जाहिरातीत सोफ्यावर उड्या मारणारी माणसं असतात ना, त्यांच्याकडे नेट कुणाचं आहे एवढंच मला विचारायचंय.

आमच्या हॉलमध्ये उड्या कोणी मारत नाही. शनिवारी रात्री साडेनऊला खेळायला बसायचं, असं ठरलेलं असतं. मी कात्रजला, रव्या बाणेरला आणि पक्या न्यू जर्सीत; त्याच्याकडे तेव्हा भरदुपार. शाळेतली तिकडी पुन्हा एकत्र यावी, म्हणून तिघांनी कन्सोल घेतले. साडेनऊला बटण दाबलं की आधी कन्सोल स्वतःचा अपडेट मागतो. त्याचं पोट भरलं की खेळ आपला अपडेट मागतो. 60 जीबी. 100 एमबीपीएसचं नेट खरोखर शंभरने धावलं तर तो 80 मिनिटांत उतरावा. पण आमचा राऊटर बेडरूममध्ये, टीव्ही हॉलमध्ये, मधल्या भिंतीला फ्रिज टेकलेला आणि त्याच वेळी आईचं मोबाईलवर कीर्तन चालू. बुवांचा आवाज अडकला की आई माझ्याकडे बघते.

लहानपणी टीव्ही गेमची कॅसेट अडली की काढून फुंकर मारायची, की चालू. आता फुंकायचं कशावर? मी राऊटरवर फुंकून पाहिलं. धूळ उडाली, आईला शिंका आल्या, कीर्तन थांबलं. तेवढाच काय तो स्पीड वाढला.

ही हौस आजची नाही. सेगा कंपनीने 1998 मध्ये जपानात ड्रीमकास्ट नावाचा कन्सोल आणला, तेव्हा मोडेम त्यातच बसवलेला होता. फोनची वायर जोडा आणि परगावच्या माणसाशी खेळा! (आपल्याकडे त्या काळी नेट लावलं की फोन एंगेज लागायचा आणि मावशी रुसायची.) पुढे 2001 मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच थांबवलं. 2002 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळायची सेवा सुरू केली. त्यात खेळता खेळता गप्पा मारायला हेडसेट दिला, पण ब्रॉडबँड हवंच अशी अट घातली. तेव्हापासून सगळ्यांचं वचन एकच: घरबसल्या जगाशी खेळा. त्यातला 'घरबसल्या' हा भाग पूर्ण झालेला आहे.

आणि कंपनीने सर्व्हर बंद केला की तोही खेळ खलास. जुन्या एक्सबॉक्सची सेवा एप्रिल 2010 मध्ये बंद झाली, तेव्हा 'हेलो 2' खेळणारे काही पठ्ठे बाहेरच पडले नाहीत. कन्सोल बंद न करता त्यांनी मे महिन्यापर्यंत किल्ला लढवला. पुण्यात पहिल्याच गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली असती आणि किल्ला पडला असता.

अपडेट झाला, आता खेळू, असं म्हणेपर्यंत पडद्यावर अक्षरं आली: नॅट टाइप, स्ट्रिक्ट. भानगड अशी की इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते जेमतेम 429 कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेटवाले ढीगभर घरांना मिळून एकच पत्ता देतात. म्हणजे वाड्यात सोळा बिऱ्हाडं आणि दारावर पाटी एक. पोस्टमन 'रव्याकडून आलंय' म्हणून ओरडतो, पण ते कुणासाठी, हे त्याला कळत नाही. एका पाटीमागे सगळ्यांना बसवायच्या या सोयीचं नाव नॅट, आणि बाहेरचं आत येऊच देत नाही तो 'स्ट्रिक्ट'. रव्याचाही स्ट्रिक्टच. आणि दोन स्ट्रिक्ट एकमेकांना भेटू शकत नाहीत.

केबलवाल्या मुलाला बोलावलं. त्याने मोबाईल काढला, गाणं लावलं आणि विचारलं, "साहेब, यूट्यूब चालतंय ना? मग नेट ओके आहे." फारच लावून धरलं तेव्हा म्हणाला, "स्टॅटिक आयपी घ्या. त्याचे दरमहा वेगळे पडतील." कन्सोलचे पैसे वेगळे, खेळाचे वेगळे, ऑनलाइन खेळायच्या वर्गणीचे वेगळे, आता स्वतःच्या पत्त्याचेही वेगळे.

पक्याशी मात्र जोडणी होते, कारण त्याचा 'ओपन', म्हणजे दार उघडं. फुटबॉल लावतो. पण पुणे ते न्यू जर्सी अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नाकासमोर गेला तरी जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद. या जाऊन-येऊन वेळेला पिंग म्हणतात. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे आमचा आकडा अडीचशेच्या आसपास. माझा गोलकीपर उडी मारतो तेव्हा पक्याचा खेळाडू गोल करून नाचत असतो. वर पक्या म्हणतो, "वय झालं रे तुझं." प्रकाशाचा वेग वाढवून मिळेल का, हे मी केबलवाल्याला विचारलेलं नाही. तो म्हणेल, "साहेब, दोनशेचा प्लॅन घ्या."

शेवटी रव्या म्हणाला, "मीच येतो." आम्हाला जो खेळ खेळायचा होता त्यात एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती, हल्ली बऱ्याच खेळांतून ती काढून टाकलीये. म्हणून रव्या स्वतःचा कन्सोल आणि पोराचा मॉनिटर मांडीवर घेऊन बाणेरहून रिक्षाने आला. हायवेला दीड तास. हाही पिंगच. मॉनिटर डायनिंग टेबलावर मांडला, वायरी पसरल्या, आईने पाय उचलून सोफ्यावर घेतले. दोन्ही कन्सोल लावले, तर एकाच राऊटरवर दोघांना तोच पोर्ट, म्हणजे आत यायचं तेच दार हवं. माझ्याला मिळालं, रव्याचा पुन्हा स्ट्रिक्ट झाला. यावेळी सहा फुटांवरून.

राऊटर बंद करून चालू केला. तेवढ्यात रव्याच्या कन्सोलने नवा अपडेट मागितला.

तो 41 टक्क्यांवर पोचला, तेव्हा रव्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "वहिनी, पिठल्याचा वास येतोय का?"